खोटा नंबर तीन

आमच्या वन्सं सिनेमा बघायला आल्या त्या वही, पेन्सिल आणि काठी घेऊन. काठी खुब्याच्या ऑपरेशनमुळे होती. वही-पेन्सिल आमची हजामत करायला आणली होती.

"जिथे जिथे खोटा माणूस दिसेल, तिथे तिथे मी नंबर टाकणार," पहिल्या रांगेत मधोमध बसता बसता त्यांनी जाहीर केलं. "माझ्या भावाचे कपडे घालून कुणी सोम्यागोम्या पडद्यावर मिरवताना दिसला, की सहीचं नाव काढायचं नाही. डबे उचलायचे आणि माळ्यावर टाकायचे."

डबे म्हणजे सिनेमाच्या रिळांचे डबे. आता सिनेमा डब्यात नसतो, तो पाकिटाएवढ्या चपट्या पेटीत मावतो, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. दिग्दर्शक माझ्या मागच्या खुर्चीत बसला होता. डाव्या हाताची नखं संपवून तो उजव्या हाताकडे वळला होता.

जागा म्हणजे एडिटिंगच्या ऑफिसच्या तळमजल्यावरचं अठरा खुर्च्यांचं थिएटर. एसी कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकत होता. मी वन्संच्या शेजारी बसले आणि शाळा तपासायला साहेब यायचे त्या दिवशी ठेवायचे तसा चेहरा ठेवला. एकतीस वर्षं मी शाळेत कवायत शिकवली आहे. आतून कितीही धडधडलं तरी पाठ ताठ आणि चेहरा कोरा ठेवायची सवय आहे मला. त्या दिवशी धडधडायला कारणही तसंच होतं. त्या सिनेमात खोटा माणूस एकही नव्हता. नऊ वेळा येणारी एक खोटी बाई होती, आणि ती मी होते.

आता हे नीट पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला खूळ लागलंय.

आमचे हे नट होते. चौसष्टाव्या वर्षीही पोस्टरवर ह्यांचाच चेहरा सगळ्यात मोठा असायचा. लोक ह्यांना 'साहेब' म्हणायचे. वन्सं 'गुंड्या' म्हणायच्या, तेही भर सेटवर, पन्नास माणसांसमोर. त्या ह्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांचं नाक पुसण्यापासून ह्यांच्यापायी शाळेत बोलणी खाण्यापर्यंत सगळं वन्संनीच केलं. पहिला सिनेमा मिळाला तेव्हा हे सतरा वर्षांचे होते. कायद्याने अजून पोरच, म्हणून करारावर पालक म्हणून वन्संनी सही ठोकली. तो सिनेमा धो धो चालला. झालं! ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की ताईची सही असेल तरच सिनेमा चालतो. पुढे प्रत्येक करारावर ह्यांच्या सहीखाली वन्संची सही असायची. एकदा त्या परगावी होत्या म्हणून हे तसेच पुढे गेले, तर तो सिनेमा शुक्रवारी लागला आणि सोमवारी उतरला. मग ह्यांनी वकिलालाच सांगून ठेवलं, माझं काही बरंवाईट झालं तर अर्ध्या राहिलेल्या सिनेमाचं काय करायचं ते ताई ठरवेल. बायकोने म्हणजे काय, कवायत घ्यावी.

हा शेवटचा सिनेमा किल्ल्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. दुकान कायमचं बंद करायच्या आधी, वर्षानुवर्षं सांभाळलेल्या गिऱ्हाइकांच्या जादा किल्ल्या तो घरोघरी जाऊन परत करतो. गाणी नाहीत, मारामारी नाही. ह्यांचा मात्र त्या गोष्टीवर फार जीव होता. पाऊण भाग शूट झाला आणि हे गेले.

पेपरात आलं की झोपेत, अचानक. वन्संनाही तेच सांगितलं. खरं म्हणजे फुप्फुसांचं दुखणं अकरा महिने चाललं होतं. हे मला बजावायचे, "ताईला कळता कामा नये. ऑपरेशन सोडून इथे येईल आणि माझ्या उशाशी ठाण मांडेल." त्या राहायच्या दुसऱ्या गावी. खुब्यामुळे त्यांचं येणं बंद झालं होतं आणि हे 'शूटिंग आहे, शूटिंग आहे' म्हणून जायचं टाळत. फोनवर आवाज बसलेला वाटला की आम्ही सांगायचो, सर्दी झालीय. अकरा महिने सर्दी! दूधवाल्याच्या मापावरही विश्वास न ठेवणाऱ्या बाईने ती मानली, याचं मला आजही नवल वाटतं. हे गेले त्या दिवशी त्या नवा खुबा बसवून हॉस्पिटलमध्ये आडव्या होत्या. शेवटचं बघणंसुद्धा झालं नाही.

सिनेमात नऊ भोकं राहिली होती. नशीब एवढंच, की नऊच्या नऊ ठिकाणी म्हातारा नुसता चालत होता. दिग्दर्शकाने ठरवलं, ह्यांच्या अंगलटीचा कुणीतरी बघायचा, कोट-टोपी चढवायची आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून चालवायचा. पाठीला संवाद नसतात. मला बोलावलं ते फक्त पारख करायला.

पहिला माणूस मारामाऱ्या करणारा होता. तो किल्ली परत करायला नव्हे, दार फोडायला निघाला होता. दुसरा नकला करणारा. त्याने 'साहेबां'ची अशी झोकदार चाल केली की युनिटच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ती चाल हे फक्त चार लोक बघत असले की काढायचे. घरात बाथरूमकडे जाताना कोण तसं चालतं? तिसऱ्याचे तळपाय सपाट होते, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

माझं डोकं सटकलं. एकतीस वर्षं मी पोरांच्या चाली सुधारण्यात घालवली आहेत. "काढ तो कोट," मी तिसऱ्याला म्हटलं. "हे बघ. डावा खांदा बोटभर उतरलेला. उजव्या पायाचा चवडा बाहेर. हात हलतो तो कोपरापासून, खांद्यापासून नाही. आणि दर आठ-दहा पावलांनी हात मागच्या खिशावर जातो, पाकीट आहे का बघायला." असं म्हणत कोट चढवून, टोपी घालून मी सेटवरच्या त्या खोट्या गल्लीतून टोकापर्यंत चालत गेले. वळून बघते तर सगळे चिडीचूप. कॅमेरामनने कॅमेरा केव्हाच चालू केला होता, आणि आता तो बंद करायचं त्याला सुचत नव्हतं.

आमची दोघांची उंची सारखी. सदतीस वर्षं हे फोटो काढताना माझ्याशेजारी विटेवर उभे राहिले. बुटात मला दोन जोड मोजे घालावे लागले, पण कोट बरोब्बर बसला. हे सांगताना मला फार आनंद होतो अशातला भाग नाही.

पहिल्या दिवशी दिग्दर्शक भीत भीत म्हणाला, "मॅडम, शेवटी शेवटी साहेब जरा हळू चालायचे. तसं कराल?"

"तसं मला येत नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. ती चाल मी रोज बघितली होती, पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत. पण ती मला माझ्या अंगात शिरू द्यायची नव्हती. मी चालले ती ह्यांची पन्नाशीतली, ठणठणीत चाल. तिच्यावर माझा जीव होता आणि अजून आहे. युनिटबाहेर कुणालाही कळू न दिलेली ही लबाडी आठ दिवसांत पुरी झाली.

तर, थिएटरात दिवे गेले. वन्संनी पर्समधून छोटी बॅटरी काढून वहीवर धरली. मागून ऑपरेटर म्हणाला, "आजी, तेवढा लाइट बंद करा." वन्संनी वळून बॅटरीचा झोत त्याच्याच तोंडावर मारला. त्यानंतर तो बोलला नाही.

पहिल्याच दृश्यात हे समोर होते. नाकाच्या टोकावर चष्मा, हातात कानस, किल्ली घासत बसलेले. वन्संनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मी तो चेहरा एडिटिंगच्या खोलीत वीसदा बघितला होता, तरी दर वेळी पहिल्या क्षणी वाटायचंच, की म्हणावं, अहो, चष्मा पुसा.

बाराव्या मिनिटाला मी आले. रस्ता ओलांडला, फुटपाथवर चढले, खिशावर हात नेला.

"हा बघ, हा बघ गुंड्या!" वन्संनी माझ्या मांडीवर थाप मारली. "खिशावर हात गेला, बघितलास? सातवीत असताना बसचा पास हरवला होता, तेव्हापासूनची खोड आहे. कुठल्या नकल्याला जमणार आहे हे?"

"छे," मी म्हटलं. "त्याला जातीचंच असावं लागतं."

मागे दिग्दर्शकाला ठसका लागला.

दोन मिनिटांनी म्हाताऱ्याच्या हातून किल्ली पडते आणि तो पाठमोरा वाकून उचलतो. हे सगळं ह्यांनी स्वतः केलेलं. वन्संची पेन्सिल खर्रकन चालली.

"खोटा नंबर एक. गुंड्या वाकताना गुडघ्यावर हात ठेवत नाही. लिहून घे रे, दिग्दर्शका."

"अहो, पण ते तर..." असं म्हणत दिग्दर्शक पुढे वाकला. मी हात मागे नेऊन त्याच्या गुडघ्याला असा चिमटा काढला की पुढचे शब्द त्याने गिळले. मला हसू आवरेना. मी दिसले की वन्सं "वा!" म्हणत, आणि ह्यांची पाठ दिसली की नाक मुरडत. माझ्या स्वयंपाकाला, माझ्या उंचीला आणि माझ्या शिट्टीला ज्यांनी सदतीस वर्षं नावं ठेवली, त्यांच्या तोंडून अर्ध्या तासात चार वेळा "वा!" मिळालं. खरं सांगते, मी चांगलीच फुगले. एका ठिकाणी तर त्या म्हणाल्या, "माझ्या भावाच्या चालीत जी ऐट आहे ना, ती तुला ह्या जन्मात कळायची नाही." मी मान खाली घालून 'हो' म्हटलं.

खोटा नंबर दोनला मात्र मला हसू आलं नाही. म्हातारा बागेतल्या बाकावर बसलाय, मागून फक्त खांदे दिसतात. "कोट बघ कसा लोंबतोय," वन्सं म्हणाल्या. "खुंटीला टांगल्यासारखा. कुठला काटकुळा पकडून आणलात?" तो कोट कपडेपटवाल्याने दोनदा आत घेतला होता. ते टाके मी बघितले होते. मी बादलीत ठिबकणाऱ्या पाण्याकडे लक्ष दिलं.

मग जिना आला.

ह्या जिन्याबद्दल सांगायलाच हवं. ह्यांच्या शूटिंगचा तो शेवटचा दिवस होता. अठरा पायऱ्या. डॉक्टरांनी चक्क नको म्हणून सांगितलं होतं. दिग्दर्शकही म्हणाला होता, चार पायऱ्या चढा, बाकीचं मी कापून जोडतो. ह्यांनी ऐकलं नाही. "म्हातारा एका दमात चढतो, त्याला मध्ये कापायचं नाही," एवढंच म्हणाले. कॅमेरा खाली ठेवला होता. हे कठड्याला धरून चढत गेले, अकराव्या पायरीवर थांबले, आणि मग राहिलेल्या सात चढले. घरी येऊन म्हणाले, "जमलं गं." आणि चौदा तास झोपले. त्यानंतर ते कॅमेऱ्यासमोर गेले नाहीत. चाळीस सेकंदांचं काम आहे ते. मी कोट-टोपी घालून त्या गल्लीतून चालले, वन्संची मनधरणी केली, खोटं बोलले, ते सगळं त्या चाळीस सेकंदांसाठी. सिनेमा अडकला तर ते पेटीत बंद राहणार होते, आणि ह्यांनी त्या अठरा पायऱ्या फुकट चढल्यासारखं होणार होतं. ते मला सहन झालं नसतं.

"अरे, हा कोण?" वन्सं जवळजवळ ओरडल्याच. "हा कोण म्हातारा धरून आणलाय? पाय बघा कसे ओढतोय! माझा भाऊ दोन दोन पायऱ्या चढायचा, दोन दोन! खोटा नंबर तीन!" पेन्सिलीचं टोक कागदात घुसून मोडलं.

पडद्यावर हे अकराव्या पायरीवर थांबले होते. सिनेमा पुढे गेला.

शेवटी म्हातारा दुकानाला कुलूप लावतो आणि लांबलचक गल्लीतून चालत निघून जातो. तो शॉट माझा. डावा खांदा, उजवा चवडा, खिशावर हात. कॅमेरा जागचा हलत नाही, आणि पाठ लहान लहान होत जाते. वन्संनी बॅटरी विझवली. थोड्या वेळाने अंधारात त्यांचा आवाज आला, "जा रे बाळा. जा." आणि त्या रडायला लागल्या. इतका वेळ चढलेली माझी सगळी ऐट उतरली. शहात्तर वर्षांची बाई माझ्या पाठीला निरोप देत होती. मला स्वतःची लाज वाटली.

दिवे लागले. दिग्दर्शक कागद आणि पेन घेऊन पुढे आला.

वन्संनी नाक पुसलं, चष्मा चढवला आणि वही उघडली. "सिनेमा चांगला केलायस. शेवट तर फारच चांगला. एक आणि दोन नंबर मी चालवून घेते, डोळ्यांआड करते. पण तीन नंबर कापायचा. तो जिना काढलास की सही देते."

"लगेच काढतो!" दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. "चाळीस सेकंद तर आहेत. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याला वाटलं असणार. मलाही वाटायला हरकत नव्हती. सिनेमा लागला असता, लोकांनी बघितला असता, वन्सं खूश, दिग्दर्शक खूश. मी फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि तेवढं एक मला येतच नाही.

"नाही," मी म्हटलं. मैदानावरचा आवाज बाहेर आला. ऑपरेटरने खिडकीतून डोकं काढलं.

"नाही म्हणजे?" वन्सं म्हणाल्या.

"जिना कापायचा नाही."

"तुला कसला आलाय त्या म्हाताऱ्याचा पुळका?"

"वन्सं, ते हे आहेत."

"कोण हे?"

"आमचे हे. तुमचा गुंड्या."

त्या हसल्या. "मला शिकवतेस? माझ्या भावाला मी ओळखत नाही?"

मग मी सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. फुप्फुसं, अकरा महिने, घरात आणलेलं ऑक्सिजनचं नळकांडं, दोनदा आत घेतलेला कोट. दिग्दर्शक छताकडे बघत उभा राहिला. वन्संचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, ते काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"तू सर्दी म्हणाली होतीस."

"हो."

"मी दोन मफलर विणून पाठवले."

"दोन्ही वापरायचे."

"एक आणि दोन नंबर?"

"तेही हेच."

त्या वहीकडे बघत राहिल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "मग तो चांगला चालणारा कोण?"

"मी."

वन्संनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि मग डोक्यापासून पायापर्यंत. काठी त्यांच्या हातातच होती. मी मनाची तयारी केली. पण त्या मागे वळून ऑपरेटरला म्हणाल्या, "तीन नंबर परत लाव."

पुन्हा अंधार झाला. हे पुन्हा चढू लागले. ह्या वेळी वन्संनी बॅटरी काढली नाही. अकराव्या पायरीवर हे थांबले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "चढ," त्या हळूच म्हणाल्या. "चढ रे." हे चढले. "परत लाव," त्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्या पायऱ्या मोजत होत्या, आणि अकरा आल्यावर मोजायच्या थांबल्या. हे पुन्हा चालू लागले तेव्हा त्यांनी बाराला सुरुवात केली.

दिवे लागले.

"हे मला बघू दिलं नाहीस तू," त्या म्हणाल्या.

"ह्यांनीच मला शपथ..."

"त्याच्यावर ढकलू नकोस. तो जन्माचा खोटारडा. पोटात दुखतं सांगून शाळा बुडवायचा. तू का ऐकलंस त्याचं? आख्ख्या शाळेला उन्हात उभं करणारी बाई तू, तुला एका माणसाला नाही म्हणता आलं नाही?"

ह्यावर माझं उत्तर, हे गेल्यापासूनचे आठ महिने, तयार होतं. त्यांचं ऑपरेशन, त्यांचं ब्लडप्रेशर, ह्यांची शपथ. पण खरं निराळंच होतं. वन्सं आल्या असत्या तर ह्यांचा गुंड्या झाला असता, त्यांनी उशाशी बसून ह्यांचं नाक पुसलं असतं आणि मी बाहेरच्या खोलीत औषधांची वेळ बघत बसले असते. जन्मभर हे लोकांचे होते. ते अकरा महिने तरी मला कुणाशी वाटून घ्यायचे नव्हते.

"मला ते एकटीला हवे होते," मी म्हटलं. "चुकलं माझं."

एसी ठिबकत होता. दिग्दर्शकाने हीच वेळ निवडली आणि विचारलं, "मग, आजी, सहीचं कसं करायचं?"

"तू गप्प बैस रे," त्या म्हणाल्या. मग काठी टेकत उभ्या राहिल्या. "ऊठ गं. मला चालून दाखव."

"इथे?"

"बाहेर. इथे आठ पावलंही नाहीत."

थिएटरच्या बाहेर लांबलचक बोळ होता. दोन्ही बाजूंना एडिटिंगच्या खोल्यांची बंद दारं, आणि पार टोकाला भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं. चहाचे कप घेऊन कुणीतरी दोघं गप्पा मारत उभी होती, वन्संनी काठीनेच त्यांना बाजूला केलं. दिग्दर्शक कागद छातीशी धरून दारात उभा राहिला.

"तिकडे तोंड कर," वन्सं म्हणाल्या. "हं. जा."

कोट नाही, टोपी नाही, ह्यांचे बूट नाहीत. पण दोन पावलं टाकली आणि डावा खांदा आपोआप खाली उतरला. चवडा बाहेर वळला. मागे कसलाच आवाज नव्हता, काठीचाही नाही. दहाव्या पावलाला हात मागे गेला. माझ्या कपड्यांना तिथे खिसाच नव्हता, तरी गेला.

"गुंड्या," मागून हाक आली.

पण कवायतीत हुकूम मिळाल्याशिवाय कुणी थांबत नाही, आणि मी थांबले नाही. चालत राहिले. त्यांनी पुन्हा हाक मारली, ह्या वेळी जरा मोठ्याने, लहान पोराला संध्याकाळी खेळातून घरी बोलवतात तशी. मी भिंतीपर्यंत पोचले. पुढे वाटच नव्हती. वळले असते तर माझा चेहरा दिसला असता आणि सगळं संपलं असतं, म्हणून मी त्या लाल नळकांड्यासमोर तशीच उभी राहिले, डावा खांदा उतरवून. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

"बरं," शेवटी वन्सं म्हणाल्या. "आता वळ. जाताना त्याच्यासारखी गेलीस, येताना तुझ्यासारखी ये."

मी खांदे सरळ केले आणि वळले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात वर केला नाही. एक-दोन, एक-दोन, जशी मी जन्मभर चालत आले तशी चालत आले. मी अर्ध्या वाटेवर असताना वन्संनी काठी भिंतीला टेकवून ठेवली, दिग्दर्शकाला म्हणाल्या, "एक पायरीसुद्धा कापायची नाही," आणि त्याच्या हातातलं पेन घेतलं.